ब्लॅकबेरी विरुद्ध एनटीपी: पेटंट टिकणार का हे ठरायच्या आधीच मोजलेले ६१ कोटी डॉलर

३ मार्च २००६ ला कॅनडाच्या रिसर्च इन मोशनने, म्हणजे रिमने, म्हणजेच ब्लॅकबेरीवाल्या कंपनीने, अमेरिकेतल्या एनटीपी नावाच्या कंपनीला ६१ कोटी २५ लाख डॉलर देऊन एक केस मिटवली. एनटीपी काहीच बनवत नव्हती. फॅक्टरी नाही, प्रॉडक्ट नाही, ग्राहक नाहीत, तिच्याकडे होती फक्त वायरलेस ईमेलची पेटंटं. आणि गंमत नाही, खरंच असं झालं, की ज्या पेटंटांसाठी एवढे पैसे मोजले तीच पेटंटं अमेरिकेचं पेटंट ऑफिस तेव्हा फेरतपासणीत नाकारत चाललं होतं, काहींवर तर तडजोडीच्या थोडेच दिवस आधी त्यांच्या भाषेतला अंतिम नकार लागला होता. तरी तडजोडीत साफ लिहिलेलं की पुढे पेटंटं रद्द झाली तरी पैसे परत मिळणार नाहीत.

पेटंटमुळे टेक इंडस्ट्रीत नवीन गोष्टी घडतात का अडतात, या वादात लोक लगेच दोन बाजूंना जाऊन बसतात. एक म्हणणार पेटंट नसेल तर छोट्या माणसाची आयडिया मोठी कंपनी गिळून टाकेल, दुसरा म्हणणार हे सगळे ‘पेटंट ट्रोल’ आहेत, स्वतः काही न बनवता पेटंटांवर खंडणी गोळा करतात. मला ही केस म्हणून महत्त्वाची वाटते की दोन्ही बाजूंचे सगळ्यात चांगले मुद्दे हिच्यात खरे निघतात, आणि तरीही शेवटी जे झालं ते चुकीचंच वाटतं. का वाटतं ते नीट बघू.

आधी एनटीपीची बाजू, कारण ती कोणी सांगत नाही. थॉमस कॅम्पाना नावाचा शिकागोकडचा इंजिनिअर, पेजरच्या धंद्यातला माणूस. १९९० च्या आसपास तो टेलिफाइंड नावाच्या पेजिंग कंपनीबरोबर काम करत होता आणि एटीअँडटी या बड्या टेलिफोन कंपनीला त्यांच्या लॅपटॉपवर वायरलेस ईमेल पाहिजे होतं. याने जुळवाजुळव केली ती अशी: ईमेल आलं की ते एका गेटवेवरून पेजरच्या रेडिओ नेटवर्कवर जाणार, पेजरसारखा रिसीव्हर ते पकडणार आणि तिथून ते लॅपटॉपमध्ये उतरणार, वापरणाऱ्याने फोनलाइन जोडायची किंवा डायल करायची गरज नाही. १९९० मध्ये लास व्हेगासच्या कॉमडेक्स या कॉम्प्युटर प्रदर्शनात हे दाखवलं पण. मग एटीअँडटीचा मूड बदलला, टेलिफाइंड बुडाली, आणि कॅम्पानाच्या हातात राहिले ते मे १९९१ मध्ये केलेले पेटंट अर्ज. १९९२ मध्ये त्याने डोनाल्ड स्टाउट या पेटंट वकिलाबरोबर एनटीपी काढली आणि ती पेटंटं तिच्यात ठेवली.

म्हणजे हा माणूस दुसऱ्याची जुनी पेटंटं लिलावात उचलून धंदा करणारा नव्हता, याने सोल्डरिंग करून, डेमो देऊन काम केलेलं होतं. मोठ्या कंपनीने हात काढून घेतल्यावर असल्या इंजिनिअरकडे उरतं काय? पेटंट सोडलं तर काहीच नाही. त्यामुळे ‘एनटीपी म्हणजे ट्रोल’ एवढं बोलून जे पुढे जातात त्यांचं मला पटत नाही. कॅम्पाना स्वतः जून २००४ मध्ये गेला, केस चालू असतानाच, तो मोठा चेक यायच्या जवळजवळ दोन वर्षं आधी.

आता रिमची बाजू. १९८४ मध्ये माइक लाझारिडिस आणि डग फ्रेगिन यांनी ऑन्टारियोतल्या वॉटर्लूत कंपनी काढली, १९९२ मध्ये जिम बाल्सिली आला, आणि १९९९ मध्ये ब्लॅकबेरी नावाने पहिलं ईमेलवालं यंत्र बाजारात आलं. ज्यांनी वापरलं त्यांना आठवत असेल, मेल ‘चेक’ करायला लागायचं नाही, तो आपोआप येऊन पडायचा. आतलं काम असं होतं की ऑफिसच्या सर्व्हरवर ब्लॅकबेरीचं सॉफ्टवेअर बसलेलं असायचं, नवीन मेल आला की ते त्याची कॉपी घेऊन, दाबून लहान करून, एन्क्रिप्ट करून इंटरनेटवरून वॉटर्लूच्या रिले सेंटरला पाठवायचं आणि तिथून मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवरून ते तुमच्या हातातल्या यंत्रावर यायचं. बॅटरी कित्येक दिवस टिकायची, छोटासा पण अंगठ्याने टाइप करता येईल असा कीबोर्ड, आणि नेटवर्क फार कमी वापरायचं. यातला खरा घाम एन्क्रिप्शन, बॅटरी, कीबोर्ड आणि मोबाइल कंपन्यांशी करार करण्यात गेला होता, आणि यातलं काहीही कॅम्पानाच्या पेटंटमध्ये नव्हतं. पेटंटमध्ये होता तो वरचा आराखडा: मेल, गेटवे, रेडिओ नेटवर्क, रिसीव्हर, त्याला जोडलेला प्रोसेसर.

आणि तो आराखडा तरी पहिल्यांदा कोणाला सुचला? जेफ्री गुडफेलोने १९८२ मध्येच अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवर, चालत्याफिरत्या माणसांसाठी ईमेल कसं करता येईल ते लिहून टाकलं होतं, पेटंट घेतलं नाही, पुढे रेडिओमेल नावाने सेवा पण काढली. नॉर्वेच्या टेलेनॉर कंपनीचे जुने तांत्रिक रिपोर्ट नंतर फेरतपासणीत मुख्य पुरावा झाले. म्हणजे पेजर होते, ईमेल होतं, दोन्ही जोडायचा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात एकाच सुमाराला आलेला. टेकमध्ये हे कायमच होतं, पार्ट तयार झाले की ते जोडणारे चार ठिकाणी एकदम उभे राहतात.

पण पेटंट कायद्यात ‘आम्ही आमच्या डोक्याने बनवलं, तुमचं कधी पाहिलंही नाही’ हा बचाव चालत नाही. कॉपीराइटमध्ये चालतो, पेटंटमध्ये नाही. इथेच पहिली अडचण आहे असं माझं ठाम मत आहे, कारण सॉफ्टवेअरमध्ये ज्यांच्यावर केस होते त्यातले कितीतरी जण चोर नसतात, ते तिथे स्वतःच्या वाटेने पोचलेले असतात.

तर झालं असं, जानेवारी २००० मध्ये एनटीपीने बऱ्याच कंपन्यांना पत्रं पाठवली की आमची पेटंटं आहेत, लायसन्स घ्या. रिमनेही ते पत्र फारसं मनावर घेतलं नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये एनटीपीने व्हर्जिनियात केस टाकली, रिचमंडला, न्यायाधीश जेम्स स्पेन्सर. हे कोर्ट भराभर तारखा लावण्यासाठी प्रसिद्धच आहे, आणि बरोबर वर्षभरात, नोव्हेंबर २००२ मध्ये, ज्युरीसमोर सुनावणी झाली पण.

त्या सुनावणीतला एक प्रसंग सांगायलाच पाहिजे. रिमला दाखवायचं होतं की कॅम्पानाच्या आधीच असली सिस्टिम होती, म्हणून त्यांनी कोर्टात एका जुन्या सिस्टिमचा डेमो दिला, लॅपटॉपवरून मेसेज पाठवला, तो पेजरवर आला, सगळे खूश. मग एनटीपीच्या वकिलाने फाइलींच्या तारखा बघायला सुरुवात केली आणि निघालं असं की डेमोत वापरलेलं सॉफ्टवेअर त्या काळचं नव्हतं, नंतरचं होतं. न्यायाधीशांनी ज्युरीला बाहेर पाठवलं, रिमच्या लोकांना झापलं, आणि ज्युरीला सांगितलं की तो डेमो विसरा. त्या घडीपासून रिमच्या बोलण्यावर कोणाचा विश्वास राहिला नसणार. ज्युरीने निकाल दिला की पाचही पेटंटांचं उल्लंघन झालं आणि तेही जाणूनबुजून. रॉयल्टी ५.७ टक्के, नुकसानभरपाई २ कोटी ३१ लाख डॉलर. न्यायाधीशांनी जाणूनबुजून म्हणून ती वाढवली, वकिलांचा खर्च घातला, आणि ऑगस्ट २००३ मध्ये आकडा झाला ५ कोटी ३७ लाख. सोबत मनाई हुकूम, म्हणजे अमेरिकेत ब्लॅकबेरी बंद. फक्त अपील होईपर्यंत त्याला स्थगिती दिली.

इथे आकडे लक्षात ठेवा. ज्युरीच्या मते या शोधाचा वापर केल्याची तोपर्यंतची किंमत २ कोटी ३१ लाख. शेवटी दिले ६१ कोटी २५ लाख. मधल्या काळात ब्लॅकबेरीची विक्री प्रचंड वाढली आणि तडजोडीत पुढच्या सगळ्या वर्षांचं लायसन्स होतं, हे खरं आहे, त्यामुळे दोन्ही आकडे सरळ ताडून बघणं बरोबर नाही. पण मार्च २००५ मध्ये दोघांचं ४५ कोटींवर ठरलं होतं, जूनमध्ये ते अटींवरून फिसकटलं, आणि पुढच्या नऊ महिन्यांत पेटंटं पेटंट ऑफिसमध्ये कमजोर होत गेली तरी रक्कम १६ कोटींनी चढली! कमजोर होणाऱ्या मालाचा भाव वाढतो कसा? कारण भाव शोधाचा नव्हताच. अमेरिकेतल्या ३० लाखांच्या आसपास लोकांचं ईमेल एका हुकमाने बंद पाडता येतं, या ताकदीचा तो भाव होता.

अपिलात एक फार इंटरेस्टिंग मुद्दा आला. रिम म्हणाली आमचा रिले तर कॅनडात, वॉटर्लूत आहे, अमेरिकन पेटंट अमेरिकेच्या हद्दीत लागू होतं, मग सिस्टिमचा एक तुकडा बाहेर असताना उल्लंघन अमेरिकेत झालं कसं म्हणता? पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट कोर्टाने १९७६ च्या डेक्का केसचा आधार घेतला, त्यात नेव्हिगेशन सिस्टिमचं एक स्टेशन नॉर्वेत होतं. कोर्टाचं म्हणणं, सिस्टिमचा ‘वापर’ कुठे होतो तर जिथून ती चालवली जाते आणि जिथे तिचा फायदा मिळतो तिथे, आणि ब्लॅकबेरी धरून बसलेला माणूस तर अमेरिकेत आहे. पण पेटंटमध्ये जे दावे ‘पद्धती’चे होते, म्हणजे आधी हे करा मग ते करा अशा पायऱ्यांचे, ते मात्र सगळ्या पायऱ्या अमेरिकेत झाल्या तरच मोडतात, म्हणून त्या दाव्यांतून रिम सुटली. आज ज्यांचे सर्व्हर एका देशात आणि युजर दुसऱ्या देशात आहेत त्या प्रत्येकाने हा ऑगस्ट २००५ चा निकाल माहीत करून घ्यावा, पुण्या-हैदराबादेत बसून अमेरिकेसाठी सेवा चालवणाऱ्यांनी तर नक्कीच.

आता माझ्या मते या केसचा गाभा. दोन सरकारी यंत्रणा एकाच प्रश्नावर एकाच वेळी काम करत होत्या. पेटंट ऑफिसने २००२-०३ मध्ये फेरतपासणी सुरू केली, ही पेटंटं मुळात द्यायला हवी होती का. कोर्टात तोवर ज्युरीचा निकाल लागलेला. २००५ मध्ये ऑफिसचे प्राथमिक नकार यायला लागले, रिमने कोर्टाला विनवलं की ऑफिसचं होऊ द्या, थांबा. न्यायाधीश स्पेन्सर यांनी नोव्हेंबर २००५ मध्ये नाही म्हणून सांगितलं, कारण ऑफिसच्या नकाराविरुद्ध त्याच्याच बोर्डात अपील, मग फेडरल सर्किटमध्ये अपील, याला कितीही वर्षं लागू शकतात आणि कोर्ट तेवढं ताटकळत बसणार नाही. कायद्याने बघितलं तर त्यांचं चूक म्हणता येत नाही. जानेवारी २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने केस ऐकायला नकार दिला. अमेरिकेच्या न्याय खात्याने कोर्टाला कळवलेलं की सरकारी कर्मचाऱ्यांची ब्लॅकबेरी बंद पडली तर कामं खोळंबतील. गार्टनर या आयटी सल्लागार कंपनीने तर डिसेंबर २००५ मध्येच कंपन्यांना सल्ला दिलेला की नवीन ब्लॅकबेरी घेणं तूर्त थांबवा. रिमने पेटंट टाळून चालणारं पर्यायी सॉफ्टवेअर फेब्रुवारीत जाहीर केलं, पण हजारो ऑफिसांतले सर्व्हर अपडेट करणं म्हणजे काय असतं ते आयटीत काम केलेल्याला सांगायला नको. नवीन ग्राहकांचा आकडा कंपनीच्या अंदाजापेक्षा खाली आला. २४ फेब्रुवारीला सुनावणी झाली, न्यायाधीश म्हणाले तुम्ही अजून मिटवलं नाही याचं आश्चर्य वाटतं, आणि आठवड्यात रिमने चेक फाडला.

आणि पेटंट ऑफिसचं काय झालं? ते भांडण फेडरल सर्किटपर्यंत जाऊन ऑगस्ट २०११ मध्ये निकाल आला, बरेच नकार कायम केले, काही बाबतीत परत तपासा म्हणून खाली पाठवलं. म्हणजे ज्युरीला ‘उल्लंघन झालं’ म्हणायला एक वर्ष पुरलं आणि ‘पेटंट मुळात बरोबर आहे का’ या प्रश्नाला आठ वर्षांहून जास्त लागली तरी पूर्ण उत्तर नाही. शब्दशः वरातीमागून घोडं. हा वेळेचा फरक हीच माझ्या मते खरी बिघाडाची जागा आहे, पेटंट ही कल्पना नव्हे. यातला कोणी लबाडी करत होता असंही नाही, प्रत्येक यंत्रणा आपापल्या नियमाने चालत होती आणि त्यातून निघालेलं फळ मात्र कडू.

तडजोडीनंतर अडीच महिन्यांत, १५ मे २००६ ला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ईबे विरुद्ध मर्कएक्स्चेंज केसमध्ये सांगितलं की उल्लंघन सिद्ध झालं म्हणजे मनाई हुकूम आपोआप मिळणार नाही, पैशाने भरपाई होऊ शकते का, लोकहिताचं काय, कोणाला जास्त त्रास होईल, हे सगळं आधी तपासायचं. न्यायमूर्ती केनेडींनी वेगळं मत जोडून लिहिलं की काही कंपन्या माल बनवायला नाही तर मुख्यतः लायसन्सची फी मिळवायला पेटंटं वापरतात आणि त्यांच्या हातात मनाई हुकूम म्हणजे अवाच्या सवा रक्कम मागायचं हत्यार होतं. हा निकाल थोडा आधी आला असता तर रिमने एवढे पैसे दिले नसते याबद्दल मला शंका नाही. पुढे २०११ च्या कायद्यानंतर पेटंट ऑफिसमध्येच नवीन प्रकारची तपासणी सुरू झाली, ती एकदा दाखल करून घेतली की साधारण वर्षात निकाल द्यावा लागतो. बघा, दोन्ही दुरुस्त्या नेमक्या त्याच दुखऱ्या जागेवर झाल्या, एक मनाई हुकमावर आणि दुसरी वेळेवर.

आता जाणूनबुजून या शब्दाचा एक परिणाम, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. पेटंटचा मूळ सौदा काय? तुम्ही शोध उघड करा, सगळ्यांना शिकू द्या, बदल्यात सरकार तुम्हाला काही वर्षं मक्तेदारी देणार. पण जाणूनबुजून उल्लंघन ठरलं तर अमेरिकेत भरपाई तिप्पट होऊ शकते, म्हणून कंपन्यांचे वकील इंजिनिअरांना सांगतात की पेटंटं वाचूच नका, शोधू नका, ईमेलमध्ये त्यावर बोलू नका. हा सल्ला सॉफ्टवेअरमध्ये इतका रुळलाय की भारतातल्या टीम्सपर्यंत तो सहज पोचतो. ज्याने शिकायचं तोच डोळे मिटून बसणार, मग उघड करून उपयोग काय झाला? केमिकल आणि औषधांमध्ये लोक पेटंटं वाचतात, कारण एका रेणूचं पेटंट काय आहे ते कळतं. सॉफ्टवेअरचं पेटंट वाचून त्याची हद्द कुठे संपते हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. याच केसमध्ये ‘रिसीव्हर’ आणि ‘प्रोसेसर’ वेगवेगळ्या डब्यात असायला हवेत का एकाच डब्यात असले तरी चालतील यावर कोर्टात रणं झाली, कारण ब्लॅकबेरीत दोन्ही एकाच खोक्यात होते.

रिमला बिचारी म्हणायचं का? तेही नाही. रिमने स्वतः मे २००१ मध्ये ग्लेनेअर कंपनीवर पेटंटची केस टाकली होती, सप्टेंबर २००२ मध्ये हँडस्प्रिंगवर कीबोर्डच्या पेटंटवरून, आणि हँडस्प्रिंगने गपगुमान लायसन्स घेतलं. आणि ६१ कोटी देऊन शांतता मिळाली असंही झालं नाही, व्हिस्टो नावाच्या कंपनीने, जिने एनटीपीचं लायसन्स आधीच घेतलं होतं, २००६ मध्येच स्वतःच्या पेटंटांवरून रिमवर केस केली आणि २००९ मध्ये रिमने तिला २६ कोटी ७५ लाख डॉलर दिले. २००९ मध्ये नॉर्टेल कंपनी बुडाली आणि २०११ मध्ये तिची ६,००० च्या आसपास पेटंटं ॲपल, मायक्रोसॉफ्ट, रिम आणि इतरांनी मिळून ४५० कोटी डॉलरला घेतली. एवढ्या पैशात काय काय बनवता आलं असतं! पण सगळ्यांना भीती ही की ती पेटंटं दुसऱ्याच्या हातात पडली तर आपल्यावर उलटतील.

काही जण म्हणतात पेटंटने ब्लॅकबेरीला मारलं. हे मात्र साफ चुकीचं आहे. तडजोडीनंतरची चारपाच वर्षं कंपनी वाढतच होती, तिला खाली आणलं आयफोन आणि अँड्रॉइडने आणि तिच्या स्वतःच्या उशिराने. पेटंटची झळ बसली ती ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत अशांना. रिमकडे रोख पैसा होता म्हणून ती चार वर्षं लढली, छोट्या कंपनीने पहिल्या पत्रालाच सही केली असती नाहीतर प्रॉडक्टच गुंडाळलं असतं, आणि गुंडाळलेल्या प्रॉडक्टची नोंद कुठेच होत नाही.

मे २०२३ मध्ये ब्लॅकबेरीने आपली जुनी मोबाइलची ३२,००० च्या आसपास पेटंटं आणि अर्ज मलिकी इनोव्हेशन्सला विकले, सुरुवातीला १७ कोटी डॉलर घेऊन. ही पेटंटांवर लायसन्स वसूल करणारीच कंपनी आहे, आणि २०२५ मध्ये तिने बिटकॉइन मायनिंगवाल्यांवर केसेस टाकल्या आहेत, ब्लॅकबेरीकडे आलेल्या क्रिप्टोग्राफीच्या पेटंटांवरून. ज्या इंजिनिअरांनी ती कामं केली ते कधीच दुसरीकडे गेले.

आपल्याकडे काय? भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये ‘निव्वळ’ कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट नाही. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने अध्यादेश काढून हे सैल करायचा प्रयत्न केला होता, २००५ मध्ये संसदेने तो भाग काढून टाकला. शिवाय पेटंट मिळायच्या आधीच कोणीही माणूस हरकत घेऊ शकतो आणि पेटंटधारकाला आपलं पेटंट देशात प्रत्यक्ष वापरात आहे का याचं निवेदन द्यावं लागतं. या शेवटच्या दोन गोष्टी अमेरिकेत असत्या तर एनटीपीची केस वेगळीच झाली असती. पण हरकत ऐकायला तपासनीस हवेत, वेळेत निकाल हवा, नाहीतर इथेही कोर्ट पुढे आणि ऑफिस मागे असं होणार, मोबाइलच्या स्टँडर्डच्या पेटंटांवरून दिल्ली हायकोर्टात २०१३ पासून एरिक्सनने मायक्रोमॅक्ससारख्यांवर केलेल्या केसेस आपण पाहिल्याच आहेत. आणि कॅम्पानासारख्या माणसाचं काय, हा प्रश्न ३(के) तसंच ठेवून सुटत नाही हेही मला मान्य आहे. त्याला रॉयल्टी मिळावी, केलेल्या कामाच्या मापात मिळावी, त्यासाठी ३० लाख लोकांचं ईमेल बंद पाडायची धमकी लागू नये एवढंच मागणं आहे. आता ३(के) सैल करा म्हणणारे परत बोलायला लागलेत, त्यांना मी एकच विचारतो: चुकीचं दिलेलं पेटंट तुम्ही किती महिन्यांत रद्द करून दाखवाल?